क्लीनअप मारलं की उठतं, आठवड्याने पुन्हा पडतं: पेसमेकर क्लस्टरमधल्या फेल झालेल्या कामांचा माग

शनिवारची मध्यरात्र उलटली की फोन यायचा. "सर, परत लाल आलंय. क्लीनअप मारू का?" नाइट शिफ्टच्या मुलाचा आवाज, त्यामागे फोर्कलिफ्टचा भोंगा. मी नाशिकात इंदिरानगरला घरी, अर्धवट झोपेत. "मार," म्हणायचो. दोन मिनिटांत डेटाबेस उठायचा, नोंदी सुरू व्हायच्या, पोरगा "झालं सर" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

काम द्राक्षांच्या पॅकहाउसचं. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडकडून माल येतो, रात्रीपर्यंत गाड्या लागलेल्या असतात. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता यावा लागतो, म्हणून नोंद झाल्याशिवाय पॅलेट पुढे सरकत नाही. सर्व्हर थांबला की नोंद थांबते, नोंद थांबली की गाडी थांबते, आणि गाडीत बसलेला शेतकरी काही बोलत नाही, फक्त घड्याळाकडे बघत राहतो. सात-आठ आठवडे हे चाललं, तेव्हा कुठे आम्ही नीट बघायला बसलो. सातपूर, अंबड, सिन्नरला ज्यांच्याकडे असाच दोन सर्व्हरचा क्लस्टर (एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं अशी जोडी) आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मांडणी साधी आहे. दोन सर्व्हर, म्हणजे दोन नोड. त्यावर कोरोसिंक, जो दोघांना एकमेकांची खबर देत राहतो, आणि पेसमेकर, जो सेवा सुरू-बंद करतो. डिस्क डीआरबीडीने, म्हणजे नेटवर्कवरून प्रत ठेवणाऱ्या सोयीने, एकमेकांशी जुळलेल्या. वर एक ग्रुप: आधी फाइलसिस्टिम, मग पोस्टग्रेस हा डेटाबेस, मग व्हर्च्युअल आयपी (चालू नोडसोबत फिरणारा पत्ता), शेवटी ॲप्लिकेशन. यातलं प्रत्येक म्हणजे एक रिसोर्स. एका नोडवर हे सगळं चालतं, दुसरा तयारीत उभा असतो.

सगळ्यात आधी एकच विनंती: स्टेटसमध्ये काहीतरी फेल झाल्याची लाल ओळ दिसली की लगेच क्लीनअप मारू नका. 'पीसीएस रिसोर्स क्लीनअप' (पीसीएस म्हणजे पेसमेकर चालवायचं साधन) ही दुरुस्ती करणारी कमांड नाही. ती त्या रिसोर्सचा फेल झाल्याचा इतिहास आणि फेल-काउंट (किती वेळा फेल झाला तो आकडा) पुसते, आणि रिसोर्स आत्ता कुठे चालू आहे ते नोडला पुन्हा विचारते. तोवर मूळ त्रास ओसरला असेल, तर नव्या तपासणीत सगळं ठीक दिसतं आणि पेसमेकर रिसोर्स सुरू करतो. आपल्याला वाटतं क्लीनअपने बरं केलं. खरं तर डिस्क मोकळी झाली होती, एवढंच. आणि आपण पुरावा पुसून टाकलेला असतो.

म्हणून आधी 'पीसीएस स्टेटस --फुल' चालवा आणि जे दिसेल ते फाइलमध्ये ठेवा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. मी पोराला आता एवढंच सांगून ठेवलंय: "आधी फोटो पाठव, मग फोन कर."

फेल झालेल्या कामाच्या त्या एका ओळीत जवळजवळ सगळं असतं. आमच्याकडची ओळ अशी होती: पोस्टग्रेसचं मॉनिटर, अंतर ३०००० मिलिसेकंद, पहिल्या नोडवर, स्थिती 'टाइम्ड आउट', शेवटचा बदल रविवारी पहाटे १:४१, एक्झेक (कामाला लागलेला वेळ) २०००४ मिलिसेकंद. कित्येक आठवडे आम्ही त्यातलं फक्त 'पोस्टग्रेस' वाचत होतो आणि डेटाबेसलाच दोष देत होतो.

आता ती नीट वाचू. पहिलं, कोणतं काम फेल झालं? स्टार्ट, स्टॉप, मॉनिटर, प्रमोट, यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि पुढचा परिणामही वेगळा. आपलं मॉनिटर होतं, म्हणजे रिसोर्स चालू होता आणि नेमाची विचारपूस चुकली. दुसरं, उत्तर काय आलं? 'टाइम्ड आउट' म्हणजे डेटाबेसने "मी बंद आहे" असं सांगितलेलं नाही. त्याने वेळेत काहीच सांगितलं नाही. तिसरं, एक्झेक २०००४. हा आकडा बघून मी खुर्चीत सरळ बसलो. रिसोर्सला टाइमआउट (जास्तीत जास्त किती वाट बघायची ते) आपण लिहिला नाही, तर पेसमेकर २० सेकंद धरतो. विचारपूस बरोबर २० सेकंदांवर कापली गेली होती. म्हणजे डेटाबेस मेला नव्हता, हळू झाला होता. आणि चौथं, वेळ. १:४१.

इथे घड्याळाबद्दल एक गोष्ट. दोन्ही नोडवर क्रॉनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे आणि वेळ जुळलेली आहे, हे आधी बघून घ्या. दोन नोडच्या घड्याळांत मिनिटाचा फरक असेल तर कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर याचा पत्ता लागत नाही, आणि पुढचा सगळा माग चुकतो.

आमच्या भागात शनिवारी देखभालीसाठी वीज जाते. त्यामुळे सगळ्यांचा संशय विजेवर. शनिवारी वीज जाते, शनिवारी रात्री क्लस्टर पडतो, दोन अधिक दोन चार. आम्ही यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, अर्थिंग तपासून घेतलं, खर्च झाला. पुढच्या शनिवारी फोन आलाच.

जुळलेला वार होता, जुळलेली वेळ नव्हती. वीज जायची सकाळी आणि यायची दुपारी, तर फेल व्हायचं पहाटे दीड ते पावणेदोनच्या मधे. म्हणजे तो शनिवार नव्हताच, रविवार होता. तेव्हा प्रश्न बदलला: रविवारी पहाटे या मशीनवर काय चालू होतं?

'जर्नलसीटीएल' या लॉग दाखवणाऱ्या कमांडला रविवारी साडेबारा ते दोनची वेळ दिली आणि ओळ न ओळ वाचली. बरोबर १:०० वाजता लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची नोंद सापडली: एमडी ॲरेचं (एकत्र बांधलेल्या डिस्कचं) डेटा-चेक सुरू. रेड हॅट घराण्याच्या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर रेड (डिस्कची अशी मोट) असेल, तर रेड-चेक नावाचं काम दर रविवारी रात्री एक वाजता आपोआप सुरू होतं आणि सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पडताळतं. ते आपण लावलेलं नसतं, पॅकेजसोबत येतं. चांगलं काम आहे, बंद करू नका. आणि १:३० ला आमचा स्वतःचा बॅकअप सुरू व्हायचा, त्याच डिस्कवरून वाचून त्याच डिस्कवर दाबून ठेवणारा. एरवीच्या रात्री बॅकअप एकटा असायचा आणि निभायचं. रविवारी दोन्ही एकत्र यायचे. सिसस्टॅट, मशीनवरचा ताण नोंदवणारं पॅकेज, बसवलेलं होतं, दर १० मिनिटांची नोंद होती. 'सार -डी' ने त्या वेळेचं पान उघडलं तर डिस्क पूर्ण व्यापलेली, प्रत्येक वाचन-लेखन रांगेत अडकलेलं. त्या रांगेत पोस्टग्रेसची विचारपूसही उभी होती.

उपाय तीन केले, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बॅकअप संध्याकाळच्या शांत वेळेत सरकवला आणि दुसऱ्या यंत्रावर लिहायला लावला. रेड-चेकचा वेग कर्नलच्या रेड स्पीड लिमिटने खाली आणला, त्याची रात्र थोडी लांबली तरी चालते. आणि मग, सगळ्यात शेवटी, मॉनिटरचा टाइमआउट ६० सेकंद केला. नुसता टाइमआउट वाढवून मोकळं व्हायचा मोह फार होतो. पण तसं केलं असतं तर डिस्क तशीच गुदमरत राहिली असती आणि डेटाबेस खरोखर अडकला त्या दिवशी आम्हाला ते तितकंच उशिरा कळलं असतं.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. मॉनिटर फेल झालं तर पेसमेकरने रिसोर्स बंद करून पुन्हा सुरू करायला हवा. मग आमच्याकडे सगळंच बंद का पडायचं? दुसरा नोड शेजारी तयार उभा असताना त्याने भार का उचलला नाही? मालकांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि तो अगदी रास्त होता. दोन सर्व्हरचे पैसे त्यांनी त्यासाठीच दिले होते.

उत्तर स्टेटसच्या खालच्या दुसऱ्या लाल ओळीत होतं. तीही आम्ही दर वेळी पुसत होतो: पोस्टग्रेसचं स्टॉप, टाइम्ड आउट, आणि रिसोर्सपुढे 'ब्लॉक्ड'. डिस्क अडकलेली असताना डेटाबेस वीस सेकंदांत बंद होणार कसा? बंद होण्याआधी त्याला सगळं डिस्कवर उतरवायचं असतं. वीस सेकंद संपले, पेसमेकरने स्टॉप फेल धरलं.

स्टॉप फेल होणं हे क्लस्टरमधलं सगळ्यात गंभीर अपयश आहे. पहिल्या नोडवर डेटाबेस खरंच थांबला का, हे क्लस्टरला कळत नाही. तो थांबलेला नसेल आणि दुसरीकडे सुरू केला, तर एकाच आवक रजिस्टरमध्ये दोन जण एकाच ओळीवर लिहायला बसल्यासारखं होईल, आणि मग ते रजिस्टर कोणाच्याच कामाचं राहणार नाही. म्हणून अशा वेळी पेसमेकर तो नोड वीज तोडून बंद करायला बघतो. यालाच फेन्सिंग म्हणतात, पेसमेकरच्या भाषेत स्टोनिथ. नोड नक्की मेला, एवढी खात्री झाली की दुसरा निर्धास्तपणे सुरू करतो.

आमच्याकडे स्टोनिथ बंद होतं. क्लस्टर उभा करताना चेतावणी येत होती, म्हणून 'स्टोनिथ-एनेबल्ड'ला 'फॉल्स' करून टाकलं होतं आणि तसंच राहिलं. स्टोनिथ नसलं तर पेसमेकरच्या हातात एकच सुरक्षित वाट उरते: काहीच करायचं नाही. तो रिसोर्स ब्लॉक करून माणसाची वाट बघतो. म्हणजे दोन सर्व्हर असूनही आमची उपलब्धता माझ्या फोनवर अवलंबून होती. पाच-सात मिनिटांनी पोस्टग्रेस आपला आपण बंद होऊन जायचा, आणि मग क्लीनअप मारलं की "बंद आहे" अशी तपासणी येऊन तो सुरू व्हायचा. त्या क्लीनअपमागचं गुपित एवढंच होतं.

आता आयपीएमआयवरून (सर्व्हरच्या आतलं, त्याची वीज दुरून तोडू शकणारं वेगळं यंत्र) फेन्सिंग चालू आहे, स्टॉपचा टाइमआउट १२० सेकंद आहे. फेन्सिंग लावताना दोन जागी आम्ही अडलो, त्या सांगतो. आयपीएमआयने वीज तोडायला सांगितलं की लिनक्सला वाटतं कोणीतरी पॉवरचं बटण दाबलं, आणि तो सभ्यपणे, सावकाश बंद व्हायला लागतो. अडकलेल्या मशीनवर हे कधीच पुरं होत नाही. पॉवरचं बटण सांभाळणाऱ्या लॉगिनडीच्या सेटिंगमध्ये 'हँडल पॉवर की'ला 'इग्नोर' करा, म्हणजे वीज तत्काळ तुटते. दुसरं, आयपीएमआय त्याच सर्व्हरच्या विजेवर चालतं. नोडची वीजच गेली तर आयपीएमआयही उत्तर देत नाही, फेन्सिंग फेल होतं आणि क्लस्टर थांबून राहतो. जमलं तर दुसऱ्या पातळीवर नेटवर्कवरून सॉकेट बंद करता येणारा पीडीयू ठेवा. आणि हंगामाआधी, काम बंद असताना, 'पीसीएस स्टोनिथ फेन्स' ने एकदा खरोखर नोड पाडून बघा. कागदावरच्या फेन्सिंगवर विश्वास ठेवू नका.

बाकीची अपयशं तुलनेने सरळ असतात, भराभर सांगतो.

स्टार्ट फेल झालं तर पेसमेकर त्या नोडचा फेल-काउंट एकदम अनंत करतो, आकड्यात १०,००,०००, आणि तिथे पुन्हा प्रयत्न करत नाही. त्यामुळे मूळ दोष दुरुस्त करूनही रिसोर्स त्या नोडवर येत नाही. इथे क्लीनअपची खरी जागा आहे: दुरुस्तीनंतर. फेल-काउंट आपोआप उतरावा असं वाटत असेल तर 'फेल्युअर-टाइमआउट' लावा. तो मुळात शून्य असतो, म्हणजे कधीच उतरत नाही.

फेलच्या ओळीत उत्तराचा आकडा ५ आला तर त्या नोडवर प्रोग्रामच सापडलेला नाही. बहुतेक वेळा एका नोडवर अपडेट झालेलं असतं आणि दुसऱ्यावर राहिलेलं असतं. ४ म्हणजे परवानगीचा प्रश्न: फोल्डरचा मालक बदलला, किंवा एसई-लिनक्स या सुरक्षा-पहाऱ्याने अडवलं. ६ म्हणजे मांडणीच चुकलेली, आणि मग पेसमेकर कुठल्याच नोडवर प्रयत्न करत नाही. हे आकडे पाठ करून ठेवा, अर्धा तास वाचतो.

७ मात्र वेगळा आहे. ७ म्हणजे "चालू नाही", आणि तपासणीच्या वेळी तयारीतल्या नोडवर हेच उत्तर अपेक्षित असतं. तिथे ७ ऐवजी ० आला, तर सेवा क्लस्टरच्या नकळत दोन्हीकडे चालू आहे. कारण जवळजवळ नेहमी तेच: कोणीतरी 'सिस्टमसीटीएल एनेबल' करून ठेवलंय आणि मशीन सुरू होताच सेवा उठते. क्लस्टरच्या ताब्यातली सेवा सिस्टमडीमध्ये (मशीन उठताना सेवा सुरू करणारा) कायम 'डिसेबल' ठेवायची.

रिसोर्स काहीही केलं तरी एका नोडवर जात नाही आणि लाल ओळही नाही, असं असेल तर 'पीसीएस कॉन्स्ट्रेंट' बघा. जुन्या पीसीएसमध्ये, कधीतरी देखभालीसाठी केलेल्या 'मूव्ह'ने मागे बंदी ठेवलेली असते. 'पीसीएस रिसोर्स क्लिअर' केलं की ती जाते.

आणि लॉग कुठला वाचायचा? काम ज्या नोडवर फेल झालं त्याच्या लॉगमध्ये 'काय झालं' ते मिळतं. 'असा निर्णय का घेतला' ते डीसी, म्हणजे निर्णय घेणारा, म्हणून निवडलेल्या नोडच्या पेसमेकर लॉगमध्ये असतं. डीसी कोण ते स्टेटसच्या वरच्या ओळींतच लिहिलेलं असतं. एकाच मशीनचा लॉग वाचून तासन्‌तास बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता ठरावीक वेळेला चालणाऱ्या कामांबद्दल, कारण यावर फार कमी बोललं जातं. पेसमेकर सेवा सांभाळतो, क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) सांभाळत नाही. आमचं रात्रीचं साठ्याचं क्लोजिंग क्रॉनमध्ये होतं, फक्त पहिल्या नोडवर. फेलओव्हर झाल्यावर डेटाबेस दुसऱ्या नोडवर गेला आणि क्लोजिंग झालंच नाही. कोणी लक्ष दिलं नाही, कारण लाल काहीच नव्हतं. सकाळी शीतगृहातला साठा आणि संगणकातला साठा जुळेना. मग कोणीतरी तीच ओळ दुसऱ्या नोडच्या क्रॉनमध्येही टाकली, आणि रोज रात्री एकीकडे काम व्हायचं, दुसरीकडे "डेटाबेस सापडत नाही" म्हणून फेल व्हायचं. त्या रोजच्या खोट्या मेलची सगळ्यांना इतकी सवय झाली की खरा मेल आला तेव्हा तो कोणी उघडला नाही.

आता क्रॉनची ओळ दोन्ही नोडवर आहे, पण स्क्रिप्ट आधी बघते: व्हर्च्युअल आयपी माझ्याकडे आहे का? नसेल तर गुपचूप, यशस्वी म्हणून बाहेर पडते. त्यामुळे फेलचा मेल आला तर तो खराच असतो.

त्यानंतरही एकदा क्लोजिंग तीन रात्री झालं नाही. स्क्रिप्ट सुरू होताना एक लॉक फाइल बनवायची आणि संपताना काढायची. फाइल होती डीआरबीडीच्या डिस्कवर. काम चालू असतानाच फेलओव्हर झाला, स्क्रिप्ट मध्येच मेली, लॉक फाइल मात्र डिस्कसोबत दुसऱ्या नोडवर गेली. तिथे रोज रात्री स्क्रिप्ट यायची, फाइल बघायची, "आधीचं काम चालू आहे" समजून परत जायची. फाइलमधला प्रोसेस क्रमांक पहिल्या मशीनचा होता, दुसरीकडे त्याला काहीच अर्थ नव्हता. फाइल आहे की नाही यावर लॉक ठरवू नका. 'एफलॉक' वापरा, प्रोसेस मेली की कर्नल ते लॉक स्वतः सोडतो. काम डेटाबेसचंच असेल तर पोस्टग्रेसचं ॲडव्हायझरी लॉक त्याहून सोयीचं, जोडणी तुटली की सुटतं. शिवाय अर्धवट राहिलेलं क्लोजिंग पुन्हा चालवलं तर आकडे दुप्पट होऊ नयेत, म्हणून ते सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) घेतलं आणि तारखेवर युनिक बंधन (एका तारखेची एकच नोंद) घातलं.

शेवटचं, नेटवर्कचं. सिंहस्थाच्या तयारीत शहरात आणि बाहेर रस्ते उकरलेले आहेत, जेसीबी लागला की फायबर जाते. दोन नोडमधला दुवा तुटला की कोरोसिंक ठरावीक वेळ वाट बघतो, जुन्या आवृत्तीत १ सेकंद आणि नव्यात ३, आणि मग समोरच्याला गेलेलं धरतो. दोन्ही नोड जिवंत असतात, दोन्हींना वाटतं दुसरा मेला, आणि दोन्ही एकमेकांना पाडायला धावतात. कधीकधी दोन्ही पडतात. एका नोडच्या फेन्स डिव्हाइसवर 'पीसीएमके_डिले_बेस' ने काही सेकंदांचा उशीर लावला, की त्या नोडला पाडायला उशीर होतो आणि तो निश्चित जिंकतो. पण एक नोड अंबडला आणि दुसरा पिंपळगावला असा क्लस्टर मांडूच नका. दोन्ही एकाच खोलीत ठेवा, दुवे दोन द्या, आणि दुसऱ्या गावी फक्त प्रत पाठवा.

दोनच नोड असताना शनिवारी आणखी एक गोंधळ व्हायचा. वीज आल्यावर एकच सर्व्हर उठला, तर क्लस्टर काहीच सुरू करायचा नाही. यात बिघाड कसलाच नाही. 'टू-नोड' सेटिंगसोबत 'वेट-फॉर-ऑल' आपोआप लागू होतं: दोघं बंद पडल्यावर पहिल्यांदा उठताना एकमेकांना बघितल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. हे बरोबरच आहे, पण गाड्या दारात उभ्या असताना दुसरा सर्व्हर का उठत नाही ते शोधत बसावं लागतं. यावर आम्ही तिसरं मत आणलं. ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर कोरोसिंकचं क्यूनेटडी (हे तिसरं मत देणारा प्रोग्राम) बसवलं, पोर्ट ५४०३ उघडलं, आणि दोन्ही नोडवर क्यूडिव्हाइस जोडलं. 'टू-नोड' आता काढलेलं आहे. एक नोड आणि तो पीसी, एवढ्यावर बहुमत होतं आणि काम सुरू होतं.

त्या पीसीच्या प्लगवर मी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: "हा बंद करू नये, विचारल्याशिवाय." झाडूवाल्या मावशींनाही दाखवून ठेवलीय. मागच्या आठवड्यात त्यांनीच फोन केला, "दादा, याचा पंखा आवाज करतोय," आणि तो वेळेत बदलून झाला.